टीबीच निघू दे

गाठीच्या रिपोर्टात टीबी निघाला की आमच्याकडे लोक पेढे आणून देतात. हसू नका, खरंच सांगतेय. कॅन्सरपुढे टीबी परवडला, गोळ्या खाल्ल्या की जातो.

डोंबिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरची मुलगी लग्नांत मेंदी काढते. तिच्या उजव्या तळहातात गाठ आली आणि काढलेला तुकडा नेमका माझ्याच लॅबमध्ये आला. काचेवर मधोमध मेलेला भाग, भोवती गुबगुबीत गुलाबी पेशी. यांना आम्ही एपिथेलिऑइड म्हणतो, आणि आपल्याकडे त्या दिसल्या की पॅथॉलॉजिस्टचा हात आपोआप टीबी लिहायला जातो. माझाही गेला. पण काही पेशींची केंद्रकं जरा जास्तच काळी आणि दांडगी होती. तळहातात एक कॅन्सर असाच टीबीचं सोंग घेऊन बसतो. मेला इथेच यायचा होता! खास रंगांच्या तपासणीसाठी तुकडा मुंबईला पाठवला.

मग माझी कोंडी सुरू झाली. लिफ्टमध्ये तिची आई, भाजीवाल्यापाशी तिची आई. "टीबीच ना हो, डॉक्टर?"

"रिपोर्ट येऊ दे," एवढंच म्हणायचे. शेवटी शेवटी तर मी मागच्या गेटने ये-जा करायला लागले. स्वतःच्याच घरी चोरासारखी! चीड यायची नुसती. त्या माउलीची नाही, माझ्या बंद तोंडाची.

नवरात्रात तिच्या आईने ठाण्याला जाऊन टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरली आणि प्रसाद माझ्या हातावर ठेवला. "टीबीच निघू दे, असं साकडं घातलंय. तुम्ही पण म्हणा ना."

मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

मुंबईहून रिपोर्ट आला. कॅन्सर ओळखायला लावतात तो रंग टीबीतल्या पेशी घेत नाहीत. इथे सगळ्या तपकिरी होऊन आल्या. दुसऱ्या रंगानेही तेच सांगितलं.

सर्जनकडे जायच्या आधी दोघी माझ्याच दारात आल्या. आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं की टीबी नाही, हा कॅन्सर आहे, ऑपरेशन मोठं लागेल. मुलीने डाव्या हाताचं बोट उजव्या मनगटावर ठेवलं.

"काकू, इथून?"

तिचं बोट कोपरापर्यंत सरकलं.

"इथून?"

"ते सर्जन ठरवतील गं."

आई एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत विचारत राहिली, "काय इथून? अगं, काय इथून?"