पावाच्या डब्यातला करवंदांचा केक

आमच्या आबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, सगळे दात एका हिवाळ्यात काढले आणि त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या जावेने घरात केक आणला. या दोन गोष्टी एकदम झाल्या नसत्या, तर माझ्या जिवाचा एवढा जळफळाट झाला नसता.

पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्याला आमचं गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात आबा, आमचे हे आणि धाकटे दीर, म्हणजे तीन पुरुष आणि एक चूल. मी काही दिसायला देखणी नव्हते, शिक्षण बारावीवर तुटलेलं, माहेरही साधंच. पण तांदळाची भाकरी मला अशी यायची की आबा पहिल्याच आठवड्यात खूश झाले. देवळाच्या पारावर बसून सांगायचे, "आमच्या थोरलीची भाकरी म्हंजी काय! पापुद्रा उचलला की आतनं वाफ येती बगा." बायका मला येऊन हे सांगायच्या. मी तोंडाने "काहीतरीच हं!" म्हणायचे आणि दिवसभर मनातल्या मनात तेच घोळवायचे. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग दात गेले. कवळी केली, पण ती हिरड्यांना टोचते म्हणून पाण्याच्या वाटीतच पडून राहायची. आबा भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. कुस्करलेल्या भाकरीला कसला पापुद्रा आणि कसली वाफ! खाली मान घालून संपवायचे आणि उठायचे. पारावरचं कौतुकही बंद पडलं. मी भात मऊ करून बघितला, घावन घातले, नाचणीची आंबील केली. "बरं हाय," म्हणायचे. बरं हाय! ज्या माणसाने आपल्या भाकरीची गावभर टिमकी वाजवली, त्याच्या तोंडून "बरं हाय" ऐकणं काय असतं, ते माझं मला माहीत.

दीर हिंजवडीत एका कंपनीत लागले होते आणि तिथलीच मुलगी त्यांनी पसंत केली होती. जळगावकडची, इंजिनिअर, गोरीपान, हसरी. दोघं तिकडेच फ्लॅटमध्ये राहायची आणि शनिवारी गावी यायची. त्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी धाकलीने पिशवीतून चंदेरी कागदात गुंडाळलेला एक लांबट केक काढला. आबांच्या गळ्यात माळ म्हणून अंडं न घालता केलेला, आत स्ट्रॉबेरीचे तुकडे. तिने पातळ काप करून आबांच्या पुढे धरला.

आबांनी आधी हातात दाबून पाहिला, मग तोंडात घातला. 

"ह्याला चावायलाच लागत न्हाई की!" म्हणाले. "जिभंवर ठिवला की इरघळतुया. धाकले, अजून हाय का?"

तीन काप खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले तर शेजारीण म्हणाली, "काय गं, तुमची धाकली लई सुगरण हाय म्हनं. म्हातारा सकाळधरनं सगळ्यास्नी सांगतुया."  कौतुक पुन्हा सुरू झालं होतं, फक्त त्यातली सून बदलली होती.

त्यानंतर दर आठवड्याला तेच. बुधवार उजाडला की आबांचं सुरू व्हायचं, "शनवार कवा हाय?" मी आठवड्यातले सगळे दिवस आबांचं दूध-भात, औषध-पाणी, अंथरूण-पांघरूण बघायचं आणि शनिवारी बाईसाहेब तासभर येऊन सगळं श्रेय गोळा करून जाणार. बरं, ती वाईट असती तरी चाललं असतं. भांडता तरी आलं असतं. पण ती पदराला बांधल्यासारखी माझ्या मागेमागे स्वयंपाकघरात यायची. "ताई, मी काय करू? कांदा चिरू?" आणि एक कांदा चिरायला एवढा वेळ लावायची, की तोवर माझी आमटी उकळून व्हायची. अशा मुलीचा राग राग करणं हे फार कष्टाचं काम आहे. मी ते नेटाने केलं.

आमच्या ह्यांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, म्हातारा खातोय ना पोटभर? मग झालं तर."

"खातात हो," मी म्हणाले, "पण कुणाच्या हातचं?"

ते कूस बदलून झोपले. पुरुषांना यातलं काही कळत नाही.

मे महिन्यात डोंगर करवंदांनी काळा झाला आणि माझ्या मनाने घेतलं की स्ट्रॉबेरी तिची, तर करवंदं माझी. आपणही केक करायचा. अंडं नाही, दुकानातल्या डब्यातलं आटवलेलं दूध नाही, घरचं दही, घरची साय, लोणी. करवंदं खुडून आणली, चीक जाईपर्यंत धुतली आणि पुरणयंत्रातून काढली. बिया वर राहिल्या आणि खाली जांभळा गर आला. इथवर छान जमलं. पण भज्यांना घालतात तसा मी चिमटीने सढळ सोडा घातला, फुलावा म्हणून. कुकरच्या तळाला वाळू पसरली, शिट्टी काढली, वर भांडं ठेवलं.

झाकण उघडलं तर केक हिरवा! हिरवासुद्धा नाही, डबक्यातल्या शेवाळासारखा निळसर करडा. त्यातून तो शनिवार. दीर दारातूनच ओरडले, "वहिनी, ह्याला बुरशी आली का काय?" सगळे हसले. धाकली तेवढी हसली नाही. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, सोडा जास्त झाला ना, की जांभळ्या फळाचा रंग असा बदलतो. चवीला चांगला असेल." म्हणजे हसायचं सोडून वर शिकवणी! त्यापेक्षा हसली असती तर परवडलं असतं. आबांनी एक घास घेतला, "बरं हाय" म्हणाले आणि तिचा केक पुढे ओढला.

त्या रात्री मी ठरवलं की आता काय वाट्टेल ते होवो, पण या माणसाच्या तोंडून माझ्या केकला "वा" काढायचा.

कुकर कामाचा नव्हता, खालून करपतो आणि वरून ओला राहतो. भट्टीच हवी. आमच्याकडे दिवाळीच्या आधी सगळ्या बायका रवा, मैदा, तूप, साखर घेऊन पौडच्या बेकरीत जातात आणि तिथल्या भट्टीत आपापली नानकटाई भाजून आणतात. डब्याला खूण म्हणून कुणी दोरा बांधतं, कुणी चिंधी. पण मे महिन्यात कुणी जात नाही. पुढच्याच शनिवारी सकाळी मी गेले. कालवलेलं पीठ झाकणाच्या डब्यात, गुळात शिजवलेला करवंदांचा गर बरणीत, सोड्याची पुडी पदराला. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले. बेकरीवाला म्हणाला, "ताई, दिवाळी लांब हाय की अजून!"

"माझी आजच हाय," मी म्हणाले. "भट्टी देता का?"

त्याने पाव काढून होईपर्यंत मला बाकावर बसवलं आणि ब्रेडचा एक लांबट डबा दिला. मी तिथेच अर्धा गर आणि अगदी नखभर सोडा घातला, पीठ ढवळलं, डबा भरला. पाव निघून गेल्यावर भट्टीची धग उतरली होती, त्या मंद उष्णतेत तो सावकाश फुलला. बाहेर आला तेव्हा गडद जांभळा, वर सोनेरी. गरम आहे तोवर मी त्याला काडीने भोकं पाडली आणि उरलेला गर वरून ओतला. सगळा पिऊन घेतला त्याने. डबा परत आणून द्यायच्या बोलीवर केक डब्यासकटच घेतला, आणि परतीच्या एसटीत वास घमघमत होता. कंडक्टरने तिकीट फाडताना विचारलंच, "काय घेऊन चाललाय हो ताई?" मी म्हणाले, "केक हाय. मी केलेला." आयुष्यात तिकिटापलीकडे कंडक्टरशी पहिल्यांदाच बोलले असेन.

त्या शनिवारी धाकली ऑफिसच्या कामामुळे रिकाम्या हाताने आली होती. म्हटलं, देव पावला! संध्याकाळी मी काप करून ताटलीत मांडले आणि काहीएक न बोलता आबांच्या पुढे ठेवले. मऊ इतका, की उचलताना बोटं रुतत होती. आबांनी घास तोंडात फिरवला. डोळे मिटले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

"वा!" म्हणाले. मी चौकट सोडून पुढे झाले. "वा धाकले! आजपतुर केलेस त्यात ह्यो येक नंबर. करवंदं घातलीस व्हय गं?"

धाकली एकदम गोंधळली. "आबा, मी नाही! ताईंनी केलाय. मला असा येतसुद्धा नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. "बगा रे," दिरांना म्हणाले, "जावंला शिकवायचं, वर नाव बी तिलाच द्यायचं. केवढं मन हाय पोरीचं!"

तोंडात मारल्यासारखी मी मागच्या दारी गेले आणि तो ब्रेडचा डबा घासायला घेतला. एवढा घासला, की बेकरीवाल्याने नंतर विचारलं, नवा आणला का. धाकली मागोमाग आली. "ताई, मी खरंच सांगितलं त्यांना."

"ऐकलं मी."

"ऐकतच नाहीत ते." तिने डब्यावर पाणी ओतलं. मग म्हणाली, "मला शिकवाल?"

शिकवला. काय करणार! पण तिच्या सच्चेपणाचासुद्धा मला हेवा वाटला. खरं बोलून मोठी झाली ती, आणि मी खरंच केक करून तिची शिष्यीण ठरले.

पुढे दिरांना कंपनीने अमेरिकेला पाठवलं. ती दोघं गेली आणि त्याच पावसाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. ताप डोक्यात जायचा. माणसं ओळखू येईनात. मला ते आपली थोरली बहीण समजायचे, कधीच वारलेली, आणि "आक्के" अशी हाक मारायचे. अन्न तोंडात घेईनात. एका सकाळी मात्र स्पष्ट म्हणाले, "धाकलीचा केक हाय का? करवंदांचा?"

धाकलीला शिकवताना केलेला गुळातला गर बरणीत शिल्लक होता. मी भर पावसात पौडला गेले आणि भट्टीतून केक करून आणला. दुपारी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन दुधात बुडवलेला छोटा घास त्यांच्या ओठांना लावला. गिळला त्यांनी. दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"धाकलीनं धाडला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला काही जात नव्हतं, पण माझा जीव असा तळमळला! सांगावंसं वाटलं, अहो, ती सातासमुद्रापलीकडे आहे, हे माझे हात आहेत, एकदा बघा तरी. पण ते खात होते.

"व्हय," मी म्हणाले. "तिनंच धाडलाय."

त्यांनी आणखी एक घास घेतला. मग माझं मनगट धरून थांबवलं.

"आक्के, थोरलीला ठिव ह्यातला," म्हणाले. "ती मागायची न्हाई, आन् आपल्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई."

"ठेवते," मी म्हणाले. मग ते झोपल्यावर तिथेच त्यांच्या उशाशी बसून तो राहिलेला काप खाल्ला.