कायमची परवानगी

दिनांक ९ जानेवारी २०२५ रोजी वामनरावांनी रोख अकरा हजार सहाशे पन्नास रुपये मोजून एक जुना डेस्कटॉप मलकापूरच्या घरी आणला. मुलगी अनुपमा हिची नोकरीची ऑनलाइन परीक्षा रविवारी, बारा तारखेला, संध्याकाळी सहा वाजता होती. कंपनी पुण्याची. ही परीक्षा हुकली, तर वर्षभर पुन्हा बसता येणार नव्हतं.

वामनराव जुने बी.कॉम. पतसंस्थेतल्या नोकरीचे चौदा महिने उरले होते. कर्जाच्या अर्जात रिकामा रकाना दिसला की ते त्यावर तिरकी रेघ मारत. स्वतः वाचल्याशिवाय कशावर सही नाही आणि मुदत लिहिल्याशिवाय कुणाला कसली परवानगी नाही, अशी त्यांची रीत. या रीतीनं संस्था दोनदा बुडता बुडता वाचली होती.

अनुपमा शनिवारी दुसरबीडला मावशीकडे गेली. रविवारी सकाळी परत येऊन कॉम्प्युटर तयार करायचा, असं ठरलं होतं. पण रविवारी जिजाऊ जयंती. सिंदखेडराजाच्या गर्दीनं रस्ते तुंबले आणि तिला एसटी मिळेपर्यंत एक वाजला. गाडीतूनच तिनं फोन केला.

"बाबा, मले पोचाले पावणेसहा होतीन. सॉफ्टवेअर तुम्हीच टाकून ठेवा."

"मले काय समजते त्यातलं?"

"प्रोग्राम लिवायचा एडिटर आहे, लिंक पाठवली. टाकून झालं की डिफॉल्ट करा. म्हंजे फाइलवर क्लिक केलं की ते थेट एडिटरमंधीच उघडली पायजे. परीक्षेत प्रश्नाच्या फाइली आपोआप उघडतात. दुसरीकडं उघडल्या तं मले उत्तरच लिवता येणार नाही."

वामनरावांनी सगळं कागदावर उतरवून घेतलं. डाउनलोडला तास लागला. मग पडद्यावर एकामागून एक पाटी येऊ लागली. एका चौकोनात आधीच बरोबरची खूण होती: 'या प्रकारच्या फाइली यापुढे याच सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्यात.' आपल्याला न विचारता खूण कुणी केली? त्यांनी ती काढून टाकली.

सॉफ्टवेअर बसलं. अनुपमानं पाठवलेली नमुन्याची फाइल उघडली, तर ती साध्या नोटपॅडमध्ये. त्यांनी उजवं बटन दाबून एडिटर निवडला. खाली दोन पर्याय आले, 'नेहमी' आणि 'फक्त एकदा'. वामनरावांनी 'फक्त एकदा' दाबलं. फाइल एडिटरमध्ये उघडली. ते खूश झाले, फाइल बंद केली आणि खात्री करायला पुन्हा उघडली. नोटपॅड!

आत्ता तर बरोबर झालं होतं. मग बिघडलं कुठं? त्यांनी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. तीच पाटी, तीच खूण काढली, तेच 'फक्त एकदा', आणि दुसऱ्या वेळी नोटपॅड. तिसऱ्यांदाही तेच. आपण करतो ते बरोबर आहे आणि तरी होतं ते चूक आहे, हे कोडं काही त्यांना उलगडेना.

पत्नी रुक्मिणीबाईंनी दारातून पाहिलं. "अहो, दोन घंटे झाले, काऊन त्याची इतकी तपासणी करून राह्यले? ते काय तुमच्याकडं कर्ज मांगाले आलं?"

"तू जाय न आत. अनूले फोन लागत नाही."

"राजूर घाटात असंन गाडी. तिथं कोनाचाच लागत नाही."

फोन लागला तेव्हा सव्वापाच झाले होते. "पोरी, माह्या हातून खराबच झालं वाट्टे हे. एकदा आयकते, मंग पलटते."

"खाली काय दाबता तुम्ही?"

"फक्त एकदा."

"काऊन पन?"

"कायमची परवानगी कशी द्यायची? कोन हाय ते, काय हाय…"

"बाबा, हे मुखत्यारपत्र नाही! नेहमीवालं दाबा."

"पुढं रद्द करता येते?"

"येते हो, कवाबी येते! दाबा आता!"

वामनरावांनी चष्मा पुसला आणि 'नेहमी' दाबलं. फाइल एडिटरमध्ये उघडली. बंद करून उघडली, पुन्हा एडिटर. त्यांनी सहा वेळा उघडून पाहिली. प्रत्येक वेळी ती बरोबर उघडली, तरी आपण नक्की कुणाला काय देऊन बसलो, हे त्यांना कळलं नाही.

सहाला सात मिनिटं कमी असताना दारात ऑटो थांबला. अनुपमा चपलांसकट आत धावली आणि थेट खुर्चीवर बसली. सहाला पहिला प्रश्न आला आणि एडिटरमध्ये उघडला. ती लिहू लागली.

ऑटोवाला भागवत पैशांसाठी दारापर्यंत आला होता. वामनरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"पेपर चालू हाय काय? राहू द्या काका, मंग घेतो," असं हळूच म्हणून तो गेला.

वामनरावांनी कागदावर लिहून ठेवलं: भागवतचे चाळीस रुपये द्यायचे आहेत. मुदत त्यानं सांगितली नाही.