तिसऱ्या प्रकरणातला भाऊ

माझ्या मुलीला घरात फूटपट्टी म्हणतात. लहानपणी भावाबरोबर एकाच गादीवर झोपावं लागे, तेव्हा तिने दुकानातली पट्टी आणून मधोमध खडूची रेघ मारली होती. नाव त्यानेच ठेवलं. मोठी होऊन तिने तोच धंदा धरला. कोणाला किती मिळावं, आणि मिळतं तो हक्क की मेहेरबानी, यावर ती विद्यापीठात संशोधन करते. मला त्यातलं थोडंच कळतं. चुकलं तर माझं चुकलं.

सहा वर्षं खपून तिने प्रबंध लिहिला आणि बांधायला आमच्याच दुकानात आणला. बाइंडिंग मी आणि तिचा दादा करतो.

"सोमवारी दुपारपर्यंत द्यायचाय, बाबा. मुदत पुन्हा वाढवून मिळणार नाही."

बाइंडर मजकूर वाचत नाही, पानांचे आकडे बघतो. पण पोरीचं म्हणून मी वाचलं. तिसऱ्या प्रकरणात एक उदाहरण होतं. बहिणीला शिकता यावं म्हणून एक भाऊ आपणहून शाळा सोडतो. आपणहून सोडलेल्यावर हक्क राहत नाही, आभार मानले की झालं, असं तिने बारा पानांत पटवलं होतं. पुढची दोन प्रकरणं त्यावरच उभी होती.

दादाने शाळा आपणहून सोडली नव्हती. दुकानाला माणूस हवा होता, मी त्याला ओढून आणलं. तो दोन दिवस जेवला नाही. फूटपट्टी तेव्हा मामाकडे होती. ती परत आल्यावर मी तिला म्हणालो, "तुझ्यासाठी सोडली हो त्याने." त्यानंतर वीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसलो.

रविवारी सकाळी ती आली. "झालं का?"

"खळ लावायची राहिलीय," मी म्हणालो, आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं.

ती भावाकडे वळली. तो पुठ्ठा कापत होता. "दादा, खरं?"

"तू काय लिहिलंयस?"

"तू आपणहून सोडलीस."

"मग तसंच असेल. डॉक्टर तू होणार, मी नाही." तो हसला. "पण फूटपट्टे, गादीवर रेघ मारताना तरी विचारलं होतंस, कुठली बाजू हवी म्हणून."

"मग आता विचारते. तुला शिकायचं होतं?"

त्याने सुरी खाली ठेवली. "होतं की. फार."

तिने ती बारा पानं काढली, मग पुढची दोन प्रकरणंही. मला राहवलं नाही. "अगं, नुसतं उदाहरण ते. कोणाला कळणार आहे?"

"बाबा," दादा म्हणाला, "आता पुरे."

सोमवारची दुपार गेली. पुन्हा नोंदणी मिळेल की नाही, तिलाच ठाऊक नाही. उरलेली पानं दाबाखाली तशीच आहेत. ती रोज दुकानात येते, दादाशेजारी स्टूल ओढून बसते, विचारते, लिहून घेते. तो काम करता करता सांगतो. मी ज्या शाळेतून त्याला ओढून आणलं, तिथल्या गणिताच्या मास्तरांचं नाव मला त्यातूनच कळलं.

परवा त्याने मध्येच विचारलं, "समज, माझा हक्क निघाला. तो द्यायचा कोणी?"

तिचं पेन थांबलं. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी खळ ढवळत राहिलो.