फायनल डहाणूलाच!

आपल्या गावाचा अभिमान बाळगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण जे गाव आपलं नाही, जिथे आपण बदलीवर आलो आणि जिथून एक दिवस चंबूगबाळं आवरून जाणार, त्या गावाचा इतका कडवा अभिमान माझ्या थोरल्या साडूंशिवाय दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. साडू मूळचे पार सावंतवाडीकडचे. रेल्वेत पार्सल क्लार्क म्हणून डहाणू रोडला आले आणि महिन्याभरात त्यांची पक्की खात्री झाली की इंग्रजांनी हे रूळ मुळात डहाणूसाठीच टाकले, बाकीची स्टेशनं वाटेत लागली म्हणून बांधली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. मी तलासरीच्या शाळेत मास्तर. मधलं अंतर एसटीने तासाभराचं, पण साडूंच्या लेखी मी परदेशातच राहत होतो. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हातातला घास तसाच ठेवून त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे आहे काय हो, मास्तर? समुद्र आहे? नाही. स्टेशन आहे? नाही. चिकू? तो आमच्याकडून येतो. हायवे तेवढा आहे, आणि त्यावरून लोक गुजरातला निघून जातात!" माझ्या बायकोने "भावोजी, आमटी तलासरीचीच आहे, चालेल ना?" असं विचारलं, तेव्हा कुठे ते पुन्हा जेवू लागले.

जन्मभर चिकूच्या पेट्या उचलून त्यांच्या हातात एक काटाच बसला होता. कुठलीही वस्तू हातात आली की ती दोनदा वरखाली करायची आणि वजन सांगायचं, ही त्यांची सवय. भाजीवालीची भोपळ्याची फोड असो की पाहुण्यांची बॅग, साडूंच्या हातून वजन झाल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. माझ्या मुलाच्या बारशाला सगळे पाळण्याभोवती जमून नाक कुणाचं आणि डोळे कुणाचे याची चर्चा करत होते. साडूंनी मुलाला उचललं, दोनदा अलगद वरखाली केलं आणि जाहीर केलं, "साडेचार किलो. दुपटं सोडून." दुसरी खोड लेबलांची. घरातल्या छत्रीला, कंदिलाला, लोणच्याच्या बरणीला, सगळ्याला त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी लावलेली असे. ताई दिवाळीला आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीवर 'डहाणू रोड ते तलासरी, सांभाळून हाताळावे' असं लिहिलेलं होतं. "नशीब, पिशवीलाच चिकटवलंय," ताई म्हणाल्या.

पण साडूंचं खरं वेड कबड्डीचं, आणि कबड्डीतही खेळापेक्षा मातीचं. तरुणपणी ते एकदाच सामन्यात उतरले होते. पहिल्याच चढाईत खाली पडले, ढोपराखाली खडा आला आणि ढोपर जे फुटलं ते कायमचं. त्या दिवसापासून जगातले सगळे खडे त्यांचे वैरी झाले. डहाणूच्या कबड्डी मंडळाचे ते चिटणीस होते. ड्यूटी संपली की घरी न जाता थेट मैदानावर जायचे, बूट काढायचे, डोळे मिटायचे आणि अनवाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत जायचे. तळव्याला खडा लागला की वाकून उचलायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. ताईंना धुण्यात रोज मूठभर खडे सापडत. "बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या सापडतात," त्या माझ्या बायकोला म्हणायच्या, "माझ्या नशिबी खडी!" नवा माणूस मैदानावर आला की साडू पँट वर करून त्याला आपलं ढोपर दाखवत. तहसीलदारांनाही दाखवलं होतं.

त्या सगळ्या खटपटीच्या मागे एकच इच्छा होती. जिल्ह्याच्या अजिंक्यपद स्पर्धेची फायनल एकदा तरी डहाणूला व्हावी. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो आणि फायनल दरवर्षी खालीच कुठेतरी, शहराच्या बाजूला होत असे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी जिल्हा मंडळाला वाटलं, यंदा फायनल वर न्यावी. अर्ज दोनच आले, एक डहाणूचा आणि एक तलासरीचा. तलासरीचा अर्ज माझ्याच अक्षरात होता, कारण आमच्या मंडळात शुद्ध लिहिणारा मी एकटाच. हे कळल्यावर साडू दोन रविवार आमच्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते दारातूनच म्हणाले, "मास्तर, मी मार्चअखेर रिटायर होतोय. क्वार्टर सोडायचं, गावी जायचं. ही शेवटची संधी आहे माझी. तेव्हा सांगून ठेवतो, फायनल डहाणूलाच!" मी म्हटलं, "साडूभाऊ, चहा घ्या." चहा घेतला, पण साखर कमी आहे असं म्हणाले, डहाणूला जास्त असते म्हणे.

जिल्ह्याहून तीन जणांची समिती दोन्ही मैदानं बघायला येणार होती. साडूंनी ठरवलं, समितीने पाय ठेवला की तो उचलावासाच वाटू नये अशी माती करायची. पंधरा गावची माती चिमटीत धरून झाल्यावर त्यांना कैनाडची पसंत पडली, तीही साधी नाही, तिथल्या एका शेतकऱ्याच्या खळ्यातली. भाताची झोडणी उरकली होती, खळं मोडायचंच होतं, त्यामुळे त्याने बैलगाडी भरभरून माती दिली. मळून मळून पिठासारखी झालेली. साडूंनी ती स्वतः चाळणीने चाळली, मैदानावर पसरली, वरून झावळ्या घातल्या आणि माती बसावी म्हणून सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी शिंपडायला सुरुवात केली. झावळी कुणी उचलायची नाही, मैदानात कुणी पाऊल टाकायचं नाही. इकडे समितीतल्या एकाच्या घरी लग्न निघालं आणि येणं आठवडाभर लांबलं. साडूंनी आठवडाभर जास्त पाणी घातलं. नाक्यावरचा हॉटेलवाला गुजराती शेठ रोज विचारायचा, "केम पार्सलबाबू, फाइनल आवे छे ने?" आणि साडू हातातली झारी उंच करून म्हणायचे, "आवे छे, शेठ, आवे छे!"

समिती यायच्या दोन दिवस आधी मी ताईंकडे तांदळाचं पीठ पोचवायला डहाणूला गेलो होतो. साडू ड्यूटीवर होते. परत जाताना सहज मैदानावर डोकावलो, आसपास कुणी नाही असं पाहून कडेची एक झावळी उचलली, आणि हातात धरून तसाच उभा राहिलो. खाली हिरवंगार होतं. बोटभर उंचीचं, दाट, कोवळं भाताचं रोप, आमच्याकडे ज्याला आवण म्हणतात ते. माझं बालपण उधव्याला शेतात गेलेलं, मला सांगायला कुणी नको होतं. खळ्यातल्या मातीत भाताचे दाणे असणारच. चाळणीत खडे अडले, दाणे खाली गेले. खड्यांशी जन्मभर वैर केलेल्या माणसाला दाण्याचा संशय आला नाही, आणि पंधरा दिवस तो त्यांना दोन वेळा पाणी पाजत राहिला. दोन दिवस हाताशी होते. पार्सल ऑफिस पाच मिनिटांवर होतं. जाऊन नुसतं सांगितलं असतं तर साडूंनी दहा माणसं लावून दुसरी माती घातली असती. मी झावळी खाली ठेवली आणि एसटी पकडून घरी आलो. बायकोलाही बोललो नाही. वाटेत मी स्वतःला समजावलं की आपण तलासरीच्या अर्जावर सही केलेली आहे. लाज वाटत होती, पण एसटीतून उतरलो मात्र नाही.

समिती आधी आमच्याकडे आली. आम्ही त्यांना गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी असं जेवण घातलं की आमचं मैदान त्यांनी जेवणानंतर, खुर्चीत बसूनच, लांबून पाहिलं. मग आम्ही सगळे डहाणूला गेलो. साडू इस्त्रीचे पांढरे कपडे घालून उभे होते. मागे मंडळाची पोरं, शेठ, आणि मुद्दाम बोलावलेला कैनाडचा तो शेतकरी. साडू समितीला म्हणाले, "साहेब, कृपा करून चपला काढा. ही माती पायाने बघायची असते." तिघांनी चपला काढल्या. पोरांनी झावळ्या ओढल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भात उभा होता.  कैनाडचा शेतकरी पुढे झाला, उकिडवा बसला, रोपावरून हात फिरवला आणि मनापासून म्हणाला, "बेस आलाय आवण, बाबू. आमच्याकडं पन असा नाय येत. पन आता लावायचा कुठं? पाऊस तं कवाच गेला." समितीचे अध्यक्ष हसू दाबायला समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. शेठ तर झाडाला धरून हसत होता. मी साडूंकडे पाहिलं. ते डोळे मिटून अनवाणी उभे होते, सवयीने. त्यांच्या तळव्याला खडा एकही लागत नव्हता.

फायनल तलासरीला मिळाली. आमच्याकडे फटाके वाजले आणि मला ते सहन होईनात. त्यात आमच्या मैदानाची गोष्ट अशी की ते जवळून बघण्यासारखं नव्हतंच. खाली मुरूम, वर खडी, मध्ये एक जुनं चुलाण पुरलेलं. सामन्याला चार दिवस राहिले तेव्हा आमची मंडळी कपाळाला हात लावून बसली. त्या सकाळच्या एसटीतून साडू उतरले. खांद्यावर चाळण, हातात पिशवी, पिशवीला लेबल. कुणाला नमस्कार नाही, कुणाची चौकशी नाही. बूट काढून मैदानात शिरले, चार पावलं चालले आणि ओरडले, "अरे, पोरांना खेळवताय की सोलताय?" रजा टाकून आले होते. चार दिवस त्यांनी आमच्या सबंध मंडळाला कामाला लावलं. मुरूम उकरला, नदीकाठची माती आणवली, आणि ती एकदा नाही, तीनदा चाळली. तिसऱ्या वेळची चाळण इतकी बारीक होती की ताईंनी ती पुरणयंत्राशेजारून काढून दिली असावी.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच मैदानात बसून चाळत होतो. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, एक सांगायचंय. समिती यायच्या दोन दिवस आधी मी झावळी उचलून बघितलं होतं. रोप मला दिसलं होतं. मी गप्प बसलो." त्यांचा हात थांबला. चाळणीतले खडे त्यांनी एकेक करून बाजूला काढले, सगळे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमच्या जागी मी असतो तर गप्पसुद्धा बसलो नसतो. झारी घेऊन आणखी पाणी घातलं असतं!" आणि असे हसले की बाकीची माणसं काय झालं म्हणून बघायला आली. मला मात्र हसता हसता डोळे पुसावे लागले. धूळ फार होती असं मी सांगितलं.

फायनल झकास झाली. दोन्ही संघ शहराकडचे, पोरं जीव तोडून खेळली, आणि एकाचंही ढोपर फुटलं नाही. जिंकलेल्या संघाचा कप्तान बक्षीस घ्यायला आला तेव्हा अंगावरची माती न झटकताच म्हणाला, "इतकी मऊ माती जिल्ह्यात कुठे पाहिली नाही. कुणी केली?" मी माइककडे जाणार, तोच कडेला उभे असलेले साडू माझ्या आधी मोठ्याने म्हणाले, "तलासरीवाल्यांनी!" त्यांच्या तोंडून तलासरीचं कौतुक मी तेवढं एकदाच ऐकलं. मी त्यांचा हात धरून त्यांना मंचावर ओढायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. माझी पाचची एसटी आहे."

एप्रिलमध्ये त्यांनी क्वार्टर सोडलं. सावंतवाडीहून पत्रं येत, त्यांत डहाणूचा समुद्र कसा आहे, चिकूला बहर कसा आहे, अशी चौकशी असे. तलासरीची कधीच नसे. पुढे पाचसहा वर्षांनी फायनल खरंच डहाणूला आली. मी त्याच दिवशी पत्र टाकलं. उत्तर ताईंच्या अक्षरात आलं. ढोपराने आता अंथरूण धरलंय, प्रवास झेपायचा नाही, पण पत्र उशाशी ठेवलंय आणि येईल त्याला वाचायला लावतात, असं त्यांनी लिहिलं होतं. मी तलासरीहून सकाळच्या पहिल्या एसटीने गेलो, अगदी पुढे जागा धरली आणि शेवटच्या चढाईपर्यंत हललो नाही. मैदान भरलेलं होतं, समुद्राचा वारा सुटला होता, सामना रंगला होता. घरी येऊन साडूंना सगळं लिहायला बसलो. आठ पानं झाली. तरी सारखं वाटत राहिलं की हे सगळं ज्यांनी बघायला हवं होतं त्यांच्या जागी आपण बसून आलो.