शंभरची फिल्म आणि पावडरचा डबा

त्या सोमवारी मी स्टुडिओतला पावडरचा डबा मागच्या गटारात फेकला... आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीच्या बाजारात एका फोटो स्टुडिओत मी डार्करूम सांभाळायचे, काम सगळं ब्लॅक अँड व्हाइट. लग्नासाठी 'दाखवायचा फोटो' काढायला गावागावांतून मुली यायच्या. सावळी मुलगी दिसली की आमचे मालक, भाऊ, आधी आरशाजवळचा डबा पुढे करायचे.

माझी आक्काही त्याच खुर्चीत बसली. फोटोत पावडरचे पांढरे डाग आणि बाकी नुसता काळोख... तो फोटो बघून मुंबईच्या स्थळानं नकार कळवला. वर भाऊ म्हणाले, "माणूसच काळा, त्याला कॅमेरा काय करणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! निगेटिव्ह मीच धुतली होती. निगेटिव्हवर उजेड पडतो तिथं काळं उमटतं; चेहऱ्याच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी होती, म्हणजे उजेडच कमी पडला होता.

फिल्मच्या डबीवर स्पीड छापलेला शंभर; हा आकडा जितका लहान, तितका फिल्मला उजेड जास्त लागतो. पण आमच्या फिल्म धुवायच्या, पुन्हापुन्हा वापरलेल्या डेव्हलपरमध्ये ती फिल्म खरंच शंभरची उरते का, हे कुणी तपासलंच नव्हतं. विचारलं की भाऊंचं ठरलेलं उत्तर, "कंपनीला अक्कल नाय काय?"

रविवारी स्टुडिओ बंद असताना आक्काला पुन्हा बसवलं, पावडरीशिवाय. उजेड मोजायच्या मीटरवर स्पीड आधी शंभर धरला, मग ऐंशी, पन्नास, पंचवीस... त्या मानानं उजेड वाढवत एकेक फोटो घेतला. दर वेळी आक्काच्या हातातल्या पाटीवर तो आकडा लिहिलेला. रोल नेहमीच्याच डेव्हलपरमध्ये धुतला.

शंभरला तोच काळोख. आणि पन्नासला... नाकाची कड, गालावरची खळी, हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपकासुद्धा! इतकी वर्षं मुलींना रंगावरून ऐकवलं, आणि त्यांच्या वाटचा अर्धा उजेड हेच देत नव्हते.

सोमवारी आक्काला घेऊनच गेले आणि प्रिंट भाऊंसमोर आपटली. त्यांनी निरखून बघितली. "अरे वा, गोरी आली की गो तुझी बहीण!"

पुन्हा तेच! डबा तेव्हाच गेला गटारात.

आक्का मात्र शांत होती. "गोरी नाय भाऊ," ती म्हणाली, "मी हाय तशी आलेय."

तो फोटो तिनं कुठल्याच स्थळाला पाठवला नाही. आजही तिच्या ओटीवर लावलेला आहे. तो बघून बरं वाटतं... आणि तिच्याआधी त्या खुर्चीत बसून खाली मान घालून गेलेल्या मुली आठवल्या की अजूनही डोकं तापतं.