पिंजारीमामूंच्या दुखण्याचा पंचनामा

आमच्या गावच्या पिंजाऱ्याला रजई सोसत नसे. साऱ्या गावाच्या रजया भरणारे मामू स्वतःची रजई मात्र दोरीवर तंबूसारखी टांगत आणि तिला अंग लागू न देता खाली झोपत. "वजन दुखतं," म्हणायचे. जखम नाही, ताप नाही. हकीमसाहेब नाडी धरून दरवेळी सांगत, "बिलकुल ठीक है." मामू म्हणत, "नाडीला तकलीफ न्हाईच, हकीमसाहेब. मला हाय."

पुसेगावकडच्या आमच्या गावाने हे अंगवळणी पाडून घेतलं होतं. घटकाभर कापूस पिंजला की मामू त्याच ढिगावर आडवे. रात्रभर झोपूनही सकाळी नांगर ओढून आल्यासारखे थकलेले. म्हणून थंडीची रजई लोक चैत्रातच सांगून ठेवत. "आज हात माझे हायेत, उद्याचं सांगत न्हाई," एवढाच त्यांचा वायदा. मी एकदा विचारलं, औषध का घेत नाही? म्हणाले, "दुखणं पाव्हणं असतं तर वाटंला लावलं असतं, पटवारी. हे घरचंच हाय. त्याच्या कलानं घ्यायचं."

होय, मी गावचा पटवारी होतो. निजामी अंमल होता. तहसीलदारांचा मुक्काम हलला की त्यांचं सामान गावाने पाळीपाळीने, फुकट, डोक्यावर वाहायचं. आजाऱ्याला सूट होती, पण आजार पंचांना दिसला पाहिजे. मामूंची पाळी आली तेव्हा पाटील म्हणाले, "दाखव दुखणं."

मामूंनी खांदा, मान, गुडघा दाखवला. पंचांनी तिथे गेरूने गोल काढले. दुसऱ्या सकाळी आम्ही तपासायला गेलो. पाटलांनी खांद्याचा गोल दाबला.

"दुखतं का?"

"इथं आज न्हाई. आज कोपरात अन् टाचेत हाय."

"मंग काल खोटं बोललास?"

"न्हाई पाटील. काल इथंच होतं. उठून गेलं."

"कुणाला इचारून गेलं?"

एक पंच विचार करून म्हणाला, दुखणं चालतं म्हणजे माणूसही चालेल. ते सगळ्यांना पटलं.

मला पटलं नव्हतं. आम्हाला पाणी देताना मामूंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला होता आणि तरी तो हिंदकळत होता. पण पाटील माझ्या लेखणीकडे पाहत होते. मी पंचनाम्याच्या कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं: "दुखणे जागेवर आढळले नाही."

मामू ओझं घेऊन चार कोस गेले. ओझ्यात त्यांनीच भरलेल्या गाद्या होत्या. परत आले ते कुणाच्या तरी बैलगाडीत, आडवे. त्यांची कापूस पिंजायची धनुकली पुन्हा खुंटीवरून उतरली नाही. त्या हिवाळ्यात गाव जुन्या रजयांत कुडकुडलं.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं. बाजेवर पडून होते, वर दोरीवर रजई. राग नव्हता. हरवलेली शेळी सापडल्याचं सांगावं तसं म्हणाले, "पटवारी, कागद आणा. आता समदीकडं हाय. कुठं बी दाबा, सापडंल."

"आणतो," म्हणालो, आणि फिरकलो नाही. होळीच्या आत लेक त्यांना हट्ट्याला, आपल्या सासरी, घेऊन गेली. गाडीत रजई टांगायची दोरी आठवणीने ठेवली होती, असं ऐकलं.

तो कागद आज जुन्या दप्तरातून आणला आहे. जुनी ओळ खोडून लिहितो: दुखणे होते. काल होते तिथे आज नव्हते, इतकेच. पटवाऱ्यास ते माहीत होते.