कमरेइतकं पाणी

योसेफ सर नदीची गोष्ट सांगायला लागले, की शालिनीबाई पहिल्या बाकावर जरा पुढे सरकून बसत. सर रंगात येऊन सांगत, "आजारी बाई खाटेवर, खाट आमच्या चौघांच्या खांद्यावर, आणि बघता बघता पाणी आलं छातीपर्यंत..." तेवढ्यात बाकावरून आवाज येई, "कमरेइतकं होतं." माईक नसतानाही शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असा तो आवाज. चर्चमध्ये हशा पिके. सर चष्मा वर सरकवत, "बरं, कमरेइतकं," म्हणत आणि पुढे जात.

हे दोघे नवराबायको मूळचे राजूरचे. बाईंचे वडील तिथल्या कोळशाच्या खाणीत होते. सर शिक्षक, बाई नर्स. लग्नानंतर थोड्याच वर्षांत दोघे मिशनच्या कामासाठी ओडिशाच्या डोंगरात गेले आणि तिथेच राहिले. सर शाळा चालवत, बाई दवाखाना. दवाखाना म्हणजे एक खोली, एक टेबल आणि बाई. मोठं हॉस्पिटल नदीपलीकडे. तीन-चार वर्षांनी त्यांना दोन महिने सुट्टी मिळे. जुनी माणसं तिला अजून फर्लो म्हणतात. नावाला सुट्टी. ज्या मंडळ्यांनी, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या लोकांनी, त्यांना पाठवलं होतं, त्या सगळ्यांना भेटून कामाची हकीकत सांगायची, हे त्या सुट्टीतलं मुख्य काम.

आमच्या भागातल्या मंडळ्यांच्या समितीचा मी सेक्रेटरी. दौरा आखायचा, गाडी चालवायची, फोटो काढायचे, हे माझ्याकडे. वणी, राजूर, मारेगाव, पांढरकवडा आणि पुढे झरी जामणीकडची जंगलातली गावं. या दोघांबद्दल मला आदर होता. पण प्रामाणिकपणे लिहायचं तर दौऱ्याबद्दल जास्त जिव्हाळा होता. कुठली मंडळी सुटली नाही, कुठला दिवस रिकामा गेला नाही, याचं मला फार समाधान वाटे. ते दोन महिने त्यांचेही असतील, हा विचार माझ्या डोक्यात क्वचितच आला.

बाई गाडीत मागे बसत, पायाशी पिशवी ठेवून. बोलणं पक्कं राजूरचं. एवढी वर्षं बाहेर राहूनही त्यात फरक पडला नव्हता. सत्काराच्या शालीचा त्यांना कंटाळा होता. "सेक्रेटरी, शाल नोको आता," त्या म्हणत. "एवढ्या झाल्या का बाळंतिणीच्या दुलया शिवल्या म्या त्याइच्या." उपासना संपली की लोक सरांभोवती जमत आणि बायका बाईंभोवती. कुणाचे पाय सुजलेले, कुणाला सहावा महिना. बाई तिथेच सतरंजीवर बसून पायावर अंगठा दाबून बघत. "भाषण त्याइचं, पाय माह्याकडे," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. जेवणाच्या घरी त्या आधी स्वयंपाकघरात शिरत आणि सरांच्या चहातली साखर काढायला लावत. एकदा मारेगावात सरांनी माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला आणि माझा कप ओढून घेतला. बाई आतूनच ओरडल्या, "मले दिसून राह्यलं!"

मी सांगतो आहे तो दौरा त्यांच्या शेवटच्या सुट्टीतला. कापूस वेचणीला आला होता. आल्या आल्या बाईंनी मला बजावलं, "परतीचं तिकीट काढून ठेवलं हाये. त्यात बदल नाही." कारणही सांगितलं. तिकडच्या गावात सुकांती नावाची एक मुलगी होती. तिची आधीची दोन्ही बाळं दगावली होती. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते. तिच्या वेळेआधी बाईंना पोचायचं होतं. रोज संध्याकाळी त्या फोन लावत आणि ओडियात काहीतरी विचारत. झरीच्या रस्त्यावर रेंज गेली की फोन खिडकीबाहेर धरत.

नेमकं त्याच वेळी यवतमाळच्या मोठ्या मंडळीनं पुढचा रविवार मागितला. दवाखान्याला पैसे देणाऱ्या संस्थेचे लोक येणार होते. दवाखान्याच्या नव्या छताचा विषय तिथे निघाला असता. मी गाडीतच बोलणं काढलं.

"एक रविवार थांबा. तिकिटाचं मी बघतो."

"नाही जमणार."

"अहो बाई, तुमच्याच छतासाठी म्हणतोय. एका रविवारानं काय होतं?"

आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शेजारी बसलेले सर खिडकीतून कापसाच्या पऱ्हाटीची शेतं बघू लागले. मला राग आला. इतक्या वर्षांच्या ओळखीत बाई पहिल्यांदाच हट्टीपणा करताहेत, असं वाटलं.

त्याच दुपारी आम्ही झरी जामणीकडच्या एका लहान गावात पोचलो. टिनाच्या छपराचं चर्च, बाक नाहीत, लोक वेचणी लवकर आटोपून आलेले. काही बायकांच्या कापूस वेचायच्या ओट्या अजून कमरेला बांधलेल्या होत्या. पुढेच भीमाबाई नावाची कोलाम जमातीची म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि सरांनी नदी काढली. त्या दिवशी पाणी गळ्यापर्यंत चढलं.

"कमरेइतकं होतं," बाई म्हणाल्या. लोक हसले. मीही हसलो आणि फोटो काढला.

"आणि देवाच्या कृपेनं आम्ही खाट घेऊन पलीकडे पोचलो," सरांनी नेहमीच्या जागी गोष्ट संपवली. टाळ्या पडल्या. ही गोष्ट मी किती मंडळ्यांमध्ये ऐकली असेल. ती त्याच काठावर संपायची, आणि पुढे काय झालं हे कुणी विचारत नसे. मीही विचारलं नव्हतं.

भीमाबाईनं टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाली, "मंग? त्या बाईचं काय झालं?"

सरांचा हात बायबलवर होता, तो तिथेच राहिला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मेली," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात."

"काहून?"

"उशीर झालता. बाळ आडवं होतं. दोन दिवस तशीच पडून होती घरी. मी असती तर पहिल्याच दिवशी पलीकडं धाडली असती. मी नव्हती."

"कुठं गेलती तू?"

"इकडंच. सुट्टीवर. आठ दिवस जास्ती राह्यलो आमी. आमी पोचलो अन् तशीच खाट उचलली."

भीमाबाईनं थोडा विचार केला. "मंग नदीनं नाही मेली."

"नाही बाई. नदी कमरेइतकीच होती. पार झाली."

भीमाबाई जरा सरकली, आपल्या शेजारची जमीन हातानं झाडली आणि म्हणाली, "बस इथं. च्या आणते पोरगी."

मी दाराशी कॅमेरा घेऊन उभा होतो. ते आठ दिवस मला माहीत होते. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका सुट्टीत वणीच्या चर्चची नवी इमारत पूर्ण होत आली होती. उद्घाटन त्यांच्याच हातून व्हावं म्हणून मी त्यांना थांबवून घेतलं होतं. तिकिटं मीच बदलून आणली होती. फीत कापतानाचा त्यांचा फोटोही मीच काढला आहे. वणीत पाळकांच्या खोलीत तो टांगलेला आहे आणि त्यात सगळे हसताहेत. बाई "राह्यलो" म्हणाल्या. कुणी ठेवून घेतलं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

गाडी परतीच्या रस्त्याला लागली. मग मी म्हटलं, "बाई, तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? तुमी थांबा म्हटलं, आमी हाव म्हटलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "हाव म्हणायले मले बी गोड वाटलं ना, सेक्रेटरी. फीत कापायची होती. नवं पातळ घेतलं होतं. सगळं तुमीच नका घेऊ."

सर समोर बघत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "पाणी खोल होतं म्हटलं, की उशीर नदीमुळे झाला असं वाटतं, आणि मला पुढे बोलता येतं."

"म्हणून तर मी बोलतो मधात," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. मला वाटतं, हे बोलणं त्यांच्यात आधीही पुष्कळदा झालं असावं. मी मात्र इतकी वर्षं त्या दुरुस्तीला नवराबायकोची गंमत समजत आलो होतो.

यवतमाळचा रविवार झाला नाही. ठरल्या दिवशी मी त्यांना बल्लारशाहच्या स्टेशनवर सोडलं. बाईंनी जवसाच्या चटणीचा डबा पिशवीत खाली घातला, मला "नीट चालवा गाडी, ट्रक लय असतात" म्हणाल्या आणि चढल्या. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "पोरगी झाली सुकांतीले. अशी रडते का तिले तुमच्या माईकची गरज नाही." मला त्या दिवशी ऑफिसात काम सुचलं नाही. आनंद झाला, हे खरं. पण एक पोरगी वाचली म्हणून खाटेवरच्या त्या बाईचा हिशेब मिटला, असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या बाईचं नाव तर मी अजून विचारलेलं नाही.

पुढची सुट्टी आलीच नाही. दोन वर्षांनी बाई तिकडेच तापानं गेल्या. त्यांना तिथेच, दवाखान्यामागच्या उतारावर पुरलं. सर एकटे परत आले आणि राजूरला धाकट्या भावाकडे राहू लागले. आम्ही वणीत बाईंसाठी उपासना ठेवली. सरांना बोलायला उभं केलं. ते खूप वाळले होते. सुरुवातीला त्यांनी बाईंच्या नोकरीचं, दवाखान्याचं, शालींच्या दुलयांचं सांगितलं. लोक थोडे हसले. मग सर नदीकडे वळले.

मी पहिल्या बाकावर होतो, कोपऱ्यात. बाईंची जागा लोकांनी आपण होऊनच मोकळी सोडली होती.

"खाट आमच्या चौघांच्या खांद्यावर," सर म्हणाले, "आणि पाणी..."

ते थांबले. सवयीनं त्यांची नजर बाकाकडे गेली आणि तिथेच राहिली. मला त्या क्षणी वाटलं, म्हणू देत त्यांना गळ्यापर्यंत. आज कोण अडवणार आहे? त्यांनाही बरं वाटेल. आणि मलाही. झरीच्या त्या दुपारनंतर पाणी खोल असावं, असं मला त्यांच्याइतकंच वाटत आलं होतं.

"कमरेइतकं होतं, सर," मी म्हणालो.

माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला नसावा. कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "कमरेइतकं. पार करता येत होतं." आणि मग पहिल्यांदाच, कुणी न विचारता, त्यांनी पुढची गोष्ट सांगायला घेतली.